रिकामें घरटें : पाळीव सशांच्या खोट्या गाभणपणाविषयीं

अंबरनाथमधील एखादें दोन खोल्यांचें घर डोळ्यांपुढें आणावें. पावसाळ्याची सकाळ आहे. गॅलरींतल्या पिंजऱ्यांत दीड वर्षाची एक पांढरी मादी आहे. एरवीं ती मोठी शांत; पण दोन दिवसांपासून तिचें चित्त थाऱ्यावर नाहीं. ती पिंजऱ्याचा कोपरा पंजांनीं उकरते, अंथरलेला पेंढा तोंडांत आडवा धरून इकडून तिकडे नेते, आणि घरची मुलगी हात लावावयास गेली तर गुरगुरते. आज पाहावें तों गळ्याखालचे व पोटावरचे केंस तिनें स्वतःच उपटले आहेत, आणि कोपऱ्यांत पेंढ्याचें व केंसांचें मऊ घरटें तयार आहे. वडिलांना वाटतें, हा त्वचेचा कांहीं रोग आहे. आजी म्हणते, "अग, ही व्यायली कीं काय?" मुलगी आनंदानें घरट्यांत हात घालते, तों आंत कांहींच नाहीं. घरांत तर दुसरा ससा नाहीं. सतरा दिवसांपूर्वीं शेजारच्या बिऱ्हाडांतला ससा दोन दिवस राहावयास आला होता खरा. पण तीहि मादीच, असें शेजारीण सांगते.

मग घरांत तीन मतें होतात. वडील म्हणतात, हा कचरा काढून टाकावा. मुलीला वाटतें, पिलें मेलीं असावींत आणि आई त्यांच्यासाठीं झुरत आहे. आजीचें म्हणणें असें कीं, बिचारीला एकदां पिलें होऊं द्यावींत, म्हणजे तिची हौस पुरेल. तिन्ही मतें मायेपोटींच निघालेलीं आहेत. परंतु तिन्हींनीं अपाय होण्याचा संभव आहे.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. १९४७ नंतर लष्करी छावणीच्या बराकींतून सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें उल्हासनगर, १०६० सालच्या शिवालयाचें अंबरनाथ आणि उल्हास नदीच्या कांठचें बदलापूर, या तिन्ही ठिकाणीं आज मजल्यांवर मजले चढले आहेत. गोठा आणि परसू होतें तेव्हां गाय कधीं फळली, कधीं विणार, हें घरांतल्या पोरासोरांनाहि कळत असे. बंद बिऱ्हाडांत तें ज्ञान राहिलें नाहीं. ससा मात्र त्या बिऱ्हाडांतहि मावतो. आणि त्याची वीण गाईम्हशींच्या विणीहून इतकी निराळी आहे कीं, गोठ्याची माहिती असलेली आजीसुद्धां येथें चकते.

तसा मराठी घराला ससा परका नाहीं. चंद्रावरच्या डागांत ससा दिसला म्हणून चंद्राला शशांक हें नांव मिळालें. कासवाशीं शर्यत लावणारा ससा आणि आभाळ पडलें म्हणून धांवत सुटणारा ससा मुलांना पाळण्यापासून ठाऊक असतात. पण तो महाराष्ट्राच्या माळरानांवरचा रानससा होय. तो बीळ खणीत नाहीं. गवतांत अंग दडवून बसतो. त्याचीं पिलें अंगावर केंस घेऊन आणि डोळे उघडूनच जन्मास येतात. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याचें त्याला संरक्षण आहे आणि त्याला घरीं आणून पाळतां येत नाहीं. पिंजऱ्यांतला पांढरा ससा निराळ्या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन आणि दक्षिण फ्रान्समधल्या बिळांत राहणारे. त्यांचीं पिलें उघडीं आणि आंधळीं जन्मतात. डोळे उघडावयास सुमारें दहा दिवस लागतात. अशा पिलांना उबेचें घरटें नसेल तर तीं जगणार नाहींत. म्हणून मादी आधीं जमीन उकरते, मग सुकें गवत आणते आणि शेवटीं स्वतःचे केंस उपटून त्यावर अंथरते. त्या वेळीं तिचे केंस मुळांतच सैल झालेले असतात, त्यामुळें ते सहज निघतात. पोटावरचे केंस निघाले म्हणजे पिलांना आंचळहि लवकर सांपडतात. गॅलरींतल्या फरशीवर पंजे घासणारी मादी तेंच जुनें काम करीत असते. खणावयास माती नसते एवढेंच.

आतां पिलें नसतांना हें काम कां सुरू व्हावें? गाय, म्हैस व शेळी यांना ठराविक दिवसांनीं माज येतो आणि त्या सुमारास अंडें आपोआप सुटतें. सशाच्या मादीचें तसें नाहीं. मिलनाची चेतना मेंदूपर्यंत पोंचली म्हणजे मगच, सुमारें दहा-बारा तासांनीं, तिच्या अंडाशयांतून अंडीं सुटतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनीं ही गोष्ट १९०५ मध्यें स्पष्टपणें मांडली. ती चेतना नराकडूनच यावी असा नियम मात्र नाहीं. एक मादी दुसऱ्या मादीच्या पाठीवर चढली, किंवा नर अफळ असला, तरी अंडीं सुटूं शकतात. फळत नाहींत एवढेंच. शेजारच्या पाहुणीबरोबर घालविलेल्या दोन दिवसांत असेंच कांहीं घडलें असावें.

अंडीं सुटल्यावर अंडाशयांत त्यांच्या जागीं पिंड तयार होतात. त्यांना पीतपिंड म्हणतात. त्यांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव रक्तांत मिसळतो आणि गर्भाशय गर्भासाठीं सज्ज होतें. पीतपिंड नष्ट केले तर सशाचा गर्भ टिकत नाहीं, हें जर्मन वैद्य लुडविग फ्रेंकेल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखविलें. पुढें १९२९ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनीं तो स्राव वेगळा काढला. त्यांचेहि प्रयोग सशांवरच झाले होते.

अंडीं फळलीं कीं नाहींत हें पीतपिंडांना आरंभीं कळत नाहीं. दोन्ही वेळां ते सारखेच वाढतात. आंचळ भरूं लागतात, मादी जागेची राखण करूं लागते. खऱ्या गाभणपणांत गर्भ आणि वार यांच्या आधारानें पीतपिंड महिनाभर टिकतात आणि सुमारें ३१ व्या दिवशीं मादी विते. गर्भच नसेल तर तो आधार मिळत नाहीं, आणि १६ ते १८ दिवसांत पीतपिंड सुकतात. प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतें आणि प्रोलॅक्टिन हा दुधाचा स्राव चढतो. विण्याच्या वेळीं शरीरांत जो फेरफार व्हावयाचा, तोच फेरफार येथें चौदा दिवस आधीं होतो. शरीराला वाटतें, वेळ भरली. मादी घरटें घालते, केंस उपटते, कधीं तिला थोडें दूधहि येतें. हा रोग नाहीं, आणि मेलेल्या पिलांचा शोकहि नव्हे. दोन-चार दिवसांत स्राव पूर्वस्थितीवर येतात आणि मादी तें घरटें आपण होऊन सोडते.

अंडीं आपोआप न सुटण्याच्या या स्वभावाचा मनुष्यानें एकदां मोठा उपयोग करून घेतला. १९३१ मध्यें अमेरिकेंत मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅपहॅम यांनीं स्त्रीचें गरोदरपण ओळखण्याची नवी परीक्षा काढली. स्त्रीचें मूत्र सशाच्या मादीच्या कानाच्या शिरेंत टोंचीत आणि एक-दोन दिवसांनीं मादीचें अंडाशय तपासीत. अंडीं सुटलेलीं दिसलीं म्हणजे स्त्री गरोदर ठरे. मात्र त्यासाठीं मादीला आधीं कांहीं आठवडे एकटी ठेवावें लागे. कारण दुसऱ्या सशाच्या नुसत्या संगतीनेंहि निकाल चुकण्याची भीति होती. परीक्षेच्या पायीं ती मादी बहुधा प्राणास मुके. पुढें याहून सोप्या परीक्षा निघाल्या आणि ही मागें पडली. अंबरनाथच्या गॅलरींत दोन मादींच्या संगतीनें जो घोटाळा झाला, तो प्रयोगशाळांना त्या काळींच ठाऊक होता.

आतां त्या घरानें करावयाचें काय? पहिली गोष्ट म्हणजे घरटें टाकूं नये. उपटलेले केंस फेंकले तर मादी आणखी उपटते आणि कातडी उघडी पडते. शिवाय घरटें खरोखर रिकामें आहे कीं नाहीं, हें वरून पाहून समजत नाहीं. नुकतीं जन्मलेलीं पिलें केंसांच्या थराखालीं निपचित पडून असतात. कचरा समजून तीं फेंकलीं जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून हात स्वच्छ धुवून, मादीला थोडें हिरवें खाणें देऊन बाजूस गुंतवावें आणि घरटें तळापर्यंत चांचपून पाहावें. माणसाचा हात लागला म्हणून पाळीव मादी पिलांना टाकीत नाहीं. पिलें निघालीं तर मेलेलीं काढून जिवंत पिलें त्याच घरट्यांत परत ठेवावींत. आई त्यांच्यापाशीं दिवसभर बसत नाहीं. बहुधा रात्रीं किंवा पहाटे एकदांच येऊन तीन-चार मिनिटें पाजते. रानांत शत्रूला बिळाचा माग लागूं नये म्हणून ही रीत पडली. त्यामुळें आईनें पिलें टाकलीं असें समजून त्यांना बाटलीनें पाजावयास धांवूं नये. पोट गोल आणि अंग ऊबदार असेल तर पिलूं पाजलेलें आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस मोजावे. लहान सशांत नर-मादी ओळखणें अवघड असतें आणि विकणाराहि पुष्कळदां चुकतो. शेजारची पाहुणी मादीच, हें शेजारणीच्या सांगण्यावर सोडून भागत नाहीं. पाहुणी आली तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. सतराव्या दिवसाच्या मागेंपुढें घातलेलें घरटें बहुतेक खोट्या गाभणपणाचें. तिसाव्या दिवसाच्या सुमाराचें खरें असण्याचा संभव. तरी पांच आठवडे उलटेपर्यंत स्वच्छ सुका पेंढा पुरवीत राहावें. बदलापूर-मुरबाडकडच्या भातशेतांचा तो या भागांत मिळतो. पशुवैद्य बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पोट चांचपून गर्भ ओळखूं शकतात.

तिसरी गोष्ट खाण्याची. या दिवसांत मादी थोडें कमी खाते, तें चालतें; अजिबात खात नसेल तर तें चालत नाहीं. सशाचें आतडें सतत हालतें राहावें लागतें, आणि त्याला ओकतां येत नाहीं. केंस उपटतांना ते पोटांतहि जातात. सुकें गवत व पाणी भरपूर असलें तर ते पुढें सरकतात. खाणें थांबलें तर आतडें मंदावतें. दहा-बारा तास मादीनें कांहींच खाल्लें नाहीं, लेंड्या बंद झाल्या, किंवा आंचळ लाल, गरम व कठीण लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां वैद्याकडे न्यावें. मात्र तो वैद्य सशांवर उपचार करतो कीं नाहीं, हें आधीं विचारावें. कारण पुष्कळांचा अनुभव कुत्र्यामांजरांपुरता असतो. या तिन्ही गांवांहून लोकल गाडीनें दादरला उतरून परळला जातां येतें. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून तेथें असून त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे.

राहिलें आजीचें मत. पिलें झाल्यानें खोटें गाभणपण पुन्हां येणार नाहीं असें नव्हे. उलट मादी विल्यावर कांहीं तासांतच पुन्हां गाभण राहूं शकते, आणि दोन खोल्यांत दोन-तीन वितींचीं पिलें झालीं म्हणजे तीं कोणाच्या तरी गळ्यांत घालण्याची पाळी येते. ज्या मादीला असें वरचेवर होतें, तिच्यावर खरा उपाय म्हणजे अंडाशय व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. तिला आणखी एक मोठें कारण आहे. वय वाढेल तसा सशाच्या मादीला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव वाढत जातो. कांहीं ठिकाणच्या पाहणींत चार वर्षांपुढील माद्यांत तो निम्म्याहून अधिक जणींना आढळला. शस्त्रक्रियेनें तो धोका जातो. भूल देण्यापूर्वीं माणसाप्रमाणें सशाला रात्रभर उपाशी ठेवूं नये, ही गोष्ट घरच्यांनीं लक्षांत ठेवावी. शस्त्रक्रिया खर्चाची आहे, आणि भुलेचा थोडा धोका असतोच. म्हणून मादी तरुण व निरोगी असतांनाच तिचा निर्णय घेणें बरें.

अंबरनाथच्या त्या घरीं असें ठरलें, तर पुढचे दिवस साधे जातात. वडील घरट्याला हात लावीत नाहींत. मुलगी रोज सकाळीं दिनदर्शिकेवर एक रेघ ओढते आणि मादीला उचलून घेण्याचा आग्रह सोडते. आजी मूठभर मेथी पिंजऱ्यांत सरकवते आणि ती खाल्ली कीं नाहीं तें पाहाते. विसाव्या दिवसाच्या सुमारास मादी पेंढा विस्कटून त्यावरच अंग टाकते. छातीवर नवे केंस उगवूं लागतात. रेघा मात्र पस्तिसाव्या दिवसापर्यंत चालू राहतात. आणि शेजारणीचा ससा पुन्हां राहावयास येण्यापूर्वीं तो नर कीं मादी, हें वैद्याला दाखवून घेतलें जातें.