रोज आणि वेळेवर : मुलांच्या उपस्थितीसाठी पालकांचे साहाय्य
(केंद्रातील शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे ते काहीसे उशिरा सुरू होते. पहिल्या दिवशी प्रभातफेरी निघते, नव्या मुलांचे फुले देऊन स्वागत होते, पाठ्यपुस्तके हाती पडतात आणि पटावरील बहुतेक मुले वर्गात दिसतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. पेरणी उरकून खुरपणी आली, सणवार सुरू झाले, पुढे कापसाची बोंडे फुटली, की हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणा हळूहळू वाढू लागतात. पटावर नाव असणे आणि मूल वर्गात असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शिक्षक एकटाही साधू शकतो. दुसरी पालकांच्या साहाय्यावाचून साधत नाही.

एखाद्या दिवसाने काय बिघडते, असा प्रश्न पुष्कळ पालक करतात. या प्रश्नाचे उत्तर रागाने न देता हिशेबाने द्यावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, आणि सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हावयास हवे. महिन्यातून केवळ दोन दिवस घरी राहणारे मूल दहा महिन्यांत 20 दिवसांना मुकते. 200 दिवसांचा हा दहावा हिस्सा होय. हीच सवय पाच वर्षे टिकली, तर 100 दिवस, म्हणजे निम्मे शैक्षणिक वर्ष हातचे जाते. महिन्याला दोन दिवस म्हटले की ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. निम्मे वर्ष म्हटले की पालक दचकतो.

उशिराचाही हिशेब असाच मांडता येतो. रोज वीस मिनिटे उशिरा येणारे मूल 200 दिवसांत 4000 मिनिटे गमावते. त्याचे 66 तास 40 मिनिटे होतात. दिवसाचे सरासरी चार तास अध्यापन धरले, तर सोळा दिवसांहून अधिक काळ ते शाळेत असून नसल्यासारखे असते. शिवाय ही वीस मिनिटे साधी नव्हेत. त्यांत परिपाठ होतो, कालच्या पाठाचा धागा पुन्हा हाती घेतला जातो आणि नव्या पाठाची प्रस्तावना होते. हातच्याची वजाबाकी ज्या दोन दिवसांत शिकविली गेली, त्या दोन दिवसांना मुकलेले मूल तिसऱ्या दिवशी फळ्याकडे पाहत राहते. आपण दोन दिवस नव्हतो म्हणून हे समजत नाही, असे त्याच्या मनात येत नाही. आपणांस गणित येतच नाही, अशी त्याची समजूत होते. ही समजूत एकदा रुजली, म्हणजे शाळा नकोशी वाटू लागते आणि दोन दिवसांचे चार दिवस होतात.

सक्तीच्या शिक्षणाचा विचार या भूमीला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली बडोदे संस्थानातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व 1906 मध्ये तो संस्थानभर लागू केला. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती.

आजच्या कायद्याची रीत निराळी आहे. त्याने पालकांवर दंड बसविलेला नाही. मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, आणि प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर ठेविली आहे. शिक्षकाच्या कर्तव्यांत पहिलेच कलम असे आहे, की त्याने स्वतः शाळेत नियमितपणे व वेळेवर यावे. त्याच कलमात पुढे, पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना कळवावी, असे म्हटले आहे. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या शाळेचे कुलूप वेळेवर उघडते, त्या शाळेतील शिक्षकाचा वेळेविषयीचा शब्द गावात चालतो.

मूल का येत नाही, याचा शोध घेतल्याखेरीज पालकांशी बोलणे व्यर्थ होय. ‘पालक उदासीन आहेत’ हा शेरा सोपा असतो, परंतु तो कारण सांगत नाही. हजेरीपट नीट पाहिला तर तो पुष्कळ बोलतो. आठवड्यातील एकाच वारी गैरहजेरी दिसली तर तो बहुधा बाजाराचा वार असतो. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी न दिसणारे मूल बहुधा झोपेत असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडाभर न येणारे मूल मामाच्या गावी राहिलेले असते. पावसाळ्यात एकाच वस्तीवरची पाच-सहा मुले एकदम गैरहजर असतील, तर वाटेवरच्या ओढ्याला पाणी आलेले असण्याचा संभव असतो. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. ओढ्याचा प्रश्न पालकांच्या उपदेशाने सुटत नाही. तो शाळा व्यवस्थापन समितीने ग्रामपंचायतीपुढे मांडावा लागतो.

सर्वांत अवघड कारण घरकामाचे, आणि त्याचा भार मुलींवर अधिक पडतो. एक उदाहरण पुरेसे आहे. तिसरीतील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस येत नसे. बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा आई मजुरीला निघण्याच्या घाईत होती.

“ताई, पोरगी हुशार आहे. ती वरचेवर घरी का राहते?” बाईंनी विचारले.

“बाई, मलाही कळतं हो. पण हे धाकटं कुणापाशी ठेवू? मी घरी बसले तर संध्याकाळी चूल कशानं पेटायची?”

या आईला शिक्षणाचे महत्त्व सांगत बसणे म्हणजे तिचा अपमान करणे होय. ते महत्त्व ती जाणत होती. तिची अडचण दुसरी होती. धाकटे मूल साडेतीन वर्षांचे होते व त्याचे नाव अंगणवाडीत नव्हते. बाईंनी अंगणवाडी सेविकेला भेटून ते घातले. अंगणवाडी शाळेच्या आधी सुटत असल्यामुळे दुपारचे दोन तास शेजारच्या आजींनी त्याला सांभाळावे, असे त्याच ओट्यावर ठरले. त्यानंतर मुलगी येऊ लागली. ती रोज आली असे नाही, परंतु हजेरीपटावरील सलग गैरहजेरी थांबली. गृहभेटीत शिक्षकाने आधी ऐकावे, मग अडचणीचा एखादा तरी धागा सोडवावा, आणि आपला आग्रह शेवटी मांडावा.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून मोठा आहे. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. मुले बरोबर गेली तर शाळेचे निम्मे वर्ष बुडते आणि परतल्यावर ती आपल्याच वर्गात परकी होतात. गाडी भरल्यावर पालकांना अडविण्यात अर्थ नाही. हे बोलणे गणपतीच्या सुमारासच झाले पाहिजे. मूल आजी-आजोबांजवळ राहू शकेल काय, गावात हंगामी वसतिगृह सुरू होत असेल तर तेथे त्याची सोय होईल काय, हे पालकांबरोबर बसून ठरवावे. मूल जाणारच असेल तर त्याच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे फडाजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. ज्या गावी ते जाणार तेथील शाळेला आधी कळविले, तर कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडून राहत नाही.

आता उशिराविषयी. वेळेवर येण्याची तयारी सकाळी होत नाही, ती आदल्या रात्री होते. या वयाच्या मुलास नऊ ते दहा तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत दूरदर्शन संच चालू असला किंवा मुलाच्या हाती मोबाईल राहिला, तर सकाळी आईने किती हाका मारल्या तरी उपयोग होत नाही. दप्तर रात्री भरून ठेवावे, गणवेश व चपला एका जागी असाव्यात, पाणी भरण्याचे काम मुलाकडे असेल तर ते संध्याकाळी उरकावे. या सूचना लहान आहेत, परंतु पालकसभेत भाषणापेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो. वस्तीवरून येणाऱ्या मुलांचे गट करावेत व मोठ्या मुलाने लहानांना हाक देत यावे. एकट्याने रेंगाळणारे मूल सोबतीने झपझप चालते.

आजारीपणाविषयीही पालकांना स्पष्ट सांगावे. ताप, जुलाब, आलेले डोळे असताना मूल घरीच ठेवावे व बरे झाल्यावर लगेच पाठवावे. साध्या सर्दीसाठी आठवडा घालवू नये. परंतु दर सोमवारी पोटात दुखत असेल, तर औषधाबरोबर चौकशीही करावी. वाटेत कोणी मारते काय, वर्गात कोणी चिडवते काय, शिक्षकांची भीती वाटते काय, हे मुलाला जवळ घेऊन विचारावे.

येथे शिक्षकांच्या वर्तनाचा प्रश्न येतो. उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर उभे करण्याची रीत जुनी आहे. तिचा परिणाम असा होतो, की दुसऱ्या दिवशी उशीर झाल्याचे दिसताच ते मूल शाळेकडे न वळता ओढ्याकडे वळते. घरी वाटते ते शाळेत आहे, शाळेत वाटते ते घरी आहे. शिक्षेने उशीर नाहीसा होत नाही, तो गैरहजेरीत बदलतो. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस तर कायद्याने बंदीच आहे. उशिरा आलेल्या मुलास आत घ्यावे, बसवावे, पाठ चालू ठेवावा. कारण मधल्या सुट्टीत एकटे गाठून विचारावे. चार दिवसांनी आलेल्या मुलाला “आलास का एकदाचा?” असे म्हणण्याऐवजी “तुझी वाट पाहत होतो,” असे म्हटले, तर ते वाक्य संध्याकाळी घरी पोहोचते.

पालकांना पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात :

1. मूल येणार नसेल तर त्याच दिवशी निरोप किंवा फोन करावा. शिक्षकानेही दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता विचारपूस करावी.
2. लग्नकार्य, जत्रा व परगावची कामे शक्य तेवढी सुट्टीच्या दिवसांत बसवावीत. शाळेने सुट्ट्यांची यादी वर्षारंभीच घरोघर द्यावी.
3. पालकसभा शेतीच्या वेळेत न घेता संध्याकाळी घ्यावी. सभेत नावे घेऊन कोणाचाही उणेपणा काढू नये.
4. प्रत्येक पालकाला महिन्याकाठी आपल्या मुलाचे उपस्थित दिवस आकड्यांत कळवावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते तोंडी सांगावेत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. ही तरतूद केवळ कागदावर राहू नये. उपस्थितीचा आढावा हा समितीच्या प्रत्येक बैठकीतील पहिला विषय असावा. शेजारणीने शेजारणीला सांगितलेली गोष्ट परिपत्रकापेक्षा लवकर पटते.

पालक आपले मूल शाळेत पाठवितो तेव्हा तो दोन हात कामाला कमी करून पाठवितो. गरिबाच्या घरी हा त्याग लहान नसतो. त्याच्या मोबदल्यात त्याला एवढेच हवे असते, की मूल दिवसाकाठी काहीतरी शिकून यावे. संध्याकाळी मुलाने घरी एक नवी गोष्ट वाचून दाखविली, बाजाराचा हिशेब बिनचूक केला, आईच्या नावाची अक्षरे जमिनीवर काढली, की दुसऱ्या सकाळी त्याला उठविण्यासाठी शिक्षकाच्या आग्रहाची गरज उरत नाही. म्हणून उपस्थितीचे काम घरोघरी हिंडून जितके होते, तितकेच ते वर्गात चांगले शिकवून होते. ही दोन्ही कामे प्रत्येक शाळेने येत्या सत्रापासून बरोबरीने चालवावीत.