जुन्या हार्ड डिस्कला नवें घर

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें जातांना कापूरहोळ मागें टाकलें म्हणजे किकवी लागतें. भोर तालुक्यांतील या गांवचें एखादें घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. माजघराच्या कोपऱ्यांत दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक आहे. वळवाच्या पावसांत वीज कडाडली आणि तो कायमचा बंद पडला. संगणकाचें दुःख कोणास नाहीं. परंतु त्याच्या पोटांतील हार्ड डिस्कवर घरच्या आजीनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत, आणि आजी आज हयात नाहीं. दुरुस्तीवाल्यानें सांगितलें, "मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र शाबूत दिसते. बाहेरून जोडायला केसिंग घ्या." नातवानें त्याच रात्रीं सर्वांत स्वस्त केसिंग मागविलें. तें आलें, पण डिस्क त्यांत शिरेना. आजोबा एवढेंच म्हणाले, "अरे, चौकटीचें माप घेतल्यावांचून सुतारसुद्धां दाराला हात घालीत नाहीं."

केसिंगच्या खरेदीचें सारें मर्म आजोबांच्या या वाक्यांत आहे. केसिंग म्हणजे नुसती पेटी नव्हे. तिच्यांत एक लहानसें मंडल असतें; तें डिस्कची भाषा यु.एस.बी.च्या भाषेंत उतरवितें. दुभाष्या कोणाकोणांत बोलणार, हें ठरल्यावांचून त्याची निवड करतां येत नाहीं.

प्रथम आकार पाहावा. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली, तेव्हां तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि तेवढ्यांत सुमारें ५० लाख अक्षरेंच मावत. आज घरांत आढळणाऱ्या डिस्क मुख्यतः दोन मापांच्या: टेबलावरील संगणकांतील ३.५ इंची आणि लॅपटॉपमधील २.५ इंची. हीं नांवें तबकडीवरून पडलेलीं आहेत. म्हणून पट्टी लावली तर पहिलीची रुंदी सुमारें १० सेंटिमीटर भरते, दुसरीची ७. लहान डिस्कची जाडीही मोजावी. ती बहुधा ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. याहून जाड डिस्क साध्या केसिंगमध्यें बसत नाहीं.

मग जोडणी पाहावी. डिस्कच्या पाठीशीं दोन चपट्या, टोकाशीं वळलेल्या खांचा असल्या तर ती साटा जातीची. ही जात २००३ च्या सुमारास प्रचारांत आली. दोन रांगांत टोंकदार पिना दिसल्या तर ती त्याहून जुन्या आय.डी.ई. जातीची. एकीचें केसिंग दुसरीस चालत नाहीं.

तिसरी गोष्ट विजेची. २.५ इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात, आणि ते यु.एस.बी.च्या तारेंतूनच मिळतात. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात. म्हणून तिच्या केसिंगसोबत स्वतंत्र अडॅप्टर हवाच. मोठ्या डिस्कचें केसिंग महाग पडतें तें मुख्यतः यामुळें. येथें काटकसर करूं नये. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे किंवा नाहीं, हें पाहूनच तो घ्यावा. विजेचा दाब जेथें वरचेवर चढतो-उतरतो, तेथें तर हें विशेष अगत्याचें आहे.

काटकसर करावी ती वेगांत आणि दिमाखांत. यु.एस.बी. २.० मार्गानें प्रत्यक्षांत सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट माहिती जाते. ५०० गिगाबाइटची भरलेली डिस्क उतरवून घेण्यास चार-साडेचार तास लागतात. यु.एस.बी. ३.० चा मार्ग फिरत्या डिस्कच्या स्वतःच्या धांवेहून रुंद आहे. संगणकाचें तोंडही त्याच जातीचें असेल, तर तेंच काम दीड-दोन तासांत उरकतें. म्हणून ३.० घ्यावें; दुकानांत तें '३.२ जेन १' या नांवानेंही मिळतें. याहून वेगवान केसिंग जुन्या डिस्कसाठीं घेणें म्हणजे बैलगाडीकरितां धांवपट्टी बांधणें होय. ॲल्युमिनियमची पेटी उष्णता लवकर बाहेर टाकते, म्हणून ३.५ इंची डिस्क तासन्‌तास चालवावयाची असल्यास ती बरी; एकदां माहिती काढून घेण्यापुरती साधी प्लॅस्टिकची पेटीही पुरते. पुण्याच्या तपकीर गल्लींत खरेदीस जाणाऱ्यानें डिस्क, अगर निदान तिच्यावरील चिठ्ठीचें छायाचित्र, जवळ ठेवावें. म्हणजे दुसरी खेप पडत नाहीं.

आतां खरा धोका. डिस्क जोडल्यावर पडद्यावर कधीं कधीं 'फॉरमॅट करावयाचें काय?' असा प्रश्न उमटतो. त्यास नकारच द्यावा. होकार देणें म्हणजे वहींत काय आहे हें न वाचतां तिची अनुक्रमणिका फाडून टाकणें. डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज येऊं लागल्यास ती तत्काळ बंद करावी. केसिंग हें औषध नव्हे. आजारी डिस्क पुन्हःपुन्हां फिरविली तर उरलेली माहितीही जाते. अशा वेळीं केसिंगचे पैसे वांचवून माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे जावें.

हेमा राइरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील पुष्कळ आज कोणासही घरबसल्या ऐकतां येतात. प्रत्येक घरच्या आजीपर्यंत असा संग्राहक पोंचत नाहीं. तेथें तें काम घरच्यांनींच करावयाचें असतें. म्हणून केसिंगमधून माहिती हातीं आली कीं तिच्या दोन प्रती कराव्या आणि एक दुसऱ्या गांवीं, नात्यांतल्या घरीं ठेवावी. केसिंगमध्यें जे पैसे वांचले, ते या दुसऱ्या प्रतीवर खर्च व्हावेत.

किकवीच्या त्या घरांत दुसऱ्या वेळीं माप घेऊन आणलेलें केसिंग नीट बसेल, आणि जात्याच्या घरघरीमागून आजीचा आवाज येईल. मग नातवानें आजोबांजवळ बसून ती ओवी शेवटपर्यंत ऐकावी, आणि लगेच उठून तिची दुसरी प्रत करावी.