परसातला पुदिना
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



पुदिना म्हटला की आपण तो न्हाणीच्या पाण्यावर लावतो. तिथं तो माजतो, हे खरं. पण पुदिना आपण कच्चा खातो. साबणाचं, मोरीचं घाण पाणी पानांना लागलं की तेच चटणीतून पोटात जातं. म्हणून न्हाणीचं पाणी केळीला सोडा आणि पुदिन्याची जागा बदला.

बी शोधू नका. आठवडी बाजारातून ताजी जुडी आणा. चार-पाच बोटं लांबीच्या काड्यांची खालची पानं काढून त्या पेल्यातल्या पाण्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मुळ्या फुटतात. पेपरमिंट हे पुदिन्याचंच भावंड. दोन जातींच्या संकरातून ते झालं. त्याला सहसा बी धरत नाही, म्हणून त्याचीही लागवड काडीनंच करावी.

आपल्या कन्नड भागातल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं, तर मुळ्या कुजतात. मातीत कुजलेलं शेणखत व थोडी वाळू मिसळा. काड्या वीतभर अंतरावर लावा. पुदिना शेजारच्या वाफ्यात पसरतो, तेव्हा फुटकी घागर किंवा तळाला भोकं पाडलेला डबा बरा. कीटकनाशकाचा रिकामा डबा मात्र कधीही घेऊ नये. दुपारची सावली हवी. उन्हाळ्यात माती सुकू देऊ नका. भाजी किंवा डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

कपाशीवर फवारलेला पंप इकडं आणू नका. वाऱ्यानं औषध उडून आलं, तर ती पानं खाऊ नका. पानांखाली तांबेरा दिसला, तर काड्या जमिनीलगत कापून जाळून टाका. नवी फूट येते.

फुलं येण्याआधी, दोन बोटं खोड राखून कापणी करा. मग थोडं शेणखत द्या. उरलेली पानं सावलीत वाळवून ठेवा. ताकात, चटणीत, भाकरीबरोबर वर्षभर उपयोगी पडतात.

जेवण जड झालं, तर पुदिन्याच्या पाण्यानं बरं वाटतं. पण जुलाब लागले, तर त्यावर विसंबू नका. जलसंजीवनी द्या आणि दवाखाना गाठा. आणखी एक, पेपरमिंटचं तेल तान्ह्या बाळाच्या नाकाला, तोंडाला लावू नका. त्यानं श्वास अडू शकतो.

तर मंडळी, यंदा चार काड्या लावाच. फक्त पाणी चोख द्या.