वेम्ब्लीचा ‘विदूषक’
१७ ऑक्टोबर १९७३, लंडनचं वेम्ब्ली मैदान. फुटबॉलचा विश्वचषक गाठायला इंग्लंडला विजय हवाच होता, पोलंडला बरोबरीही पुरणार होती. पोलंडचा गोलरक्षक यान तोमाशेव्स्की याला नामवंत इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी टीव्हीवर चक्क ‘विदूषक’ ठरवलं होतं. त्याच्या खेळात देखणेपणा नव्हता, हे खरंच. पण कधी हातानं, कधी पायानं, पठ्ठ्यानं एकामागून एक फटके परतवले. इंग्लंडला एकच गोल मिळाला, तोही पेनल्टीवर. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि इंग्लंड घरी बसलं!

१९७४च्या विश्वचषकात त्यानं दोन पेनल्टी अडवल्या, पोलंड तिसरा आला. १९७६मध्ये ऑलिंपिकचं रौप्यपदक. पुढे २०११मध्ये हे गृहस्थ थेट पोलंडच्या संसदेत निवडून गेले.