जमाव, दंगा आणि मुळशीचा धडा

(माले, मुळशी येथें शेतकरी बांधवांपुढें झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हीं येथें कायद्यावर बोलावें, अशी गांवच्या मंडळींची इच्छा पडली. कायदा हा वकिलांचा धंदा, नांगर धरणाऱ्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण शेतकऱ्यानें कायद्याकडे पाठ फिरविली, तरी कायदा शेतकऱ्याला विसरत नाहीं. फिर्यादींत "अमुक अमुक व इतर पन्नास जण" असें लिहिलें, कीं त्या "इतर" शब्दांत कोणाचा पोरगा बसेल, हें सांगतां येत नाहीं. पुढें तो पोलीस भरतीला उभा राहतो, चारित्र्याची चौकशी होते आणि जुना खटला वर येतो. म्हणून हा विषय तुमच्या घरचाच आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं "गैरकायद्याची मंडळी जमविली" हा शब्द असे. १८६० च्या पिनल कोडांत तो गुन्हा १४१ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली व तोच गुन्हा १८९ व्या कलमांत आला. आंकडा बदलला, गाभा तोच राहिला. पांच किंवा अधिक माणसें जमलीं, एवढ्यानें गुन्हा होत नाहीं. त्यांचा समान उद्देश कायद्यानें सांगितलेल्या पांचांपैकीं एक असावा लागतो. बळाच्या धाकानें सरकारला किंवा सरकारी नोकराला दबविणें, हा पहिला. कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध करणें, हा दुसरा. नासधूस किंवा दुसऱ्याच्या जागेंत बेकायदा घुसणें असा गुन्हा करणें, हा तिसरा. बळानें जमिनीचा ताबा घेणें, कोणाची वाट वा पाणी तोडणें, किंवा आपला खरा वा मानलेला हक्क बळानें बजावणें, हा चौथा. आणि कोणाला बळानें नको तें करावयास लावणें, हा पांचवा. अशा जमावांत नुसतें असण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यांतल्या एकानेंहि त्या उद्देशासाठीं बळ किंवा हिंसा वापरली, कीं सर्वच दंग्याचे गुन्हेगार ठरतात व शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. प्राणघातक हत्यार हातीं असलेल्या दंगेखोराला पांच वर्षांपर्यंत.

आतां हें मुळशीच्या मातीवर तपासून पाहूं. मुळा व नीला यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचें धरण व्हावयाचें ठरलें आणि पन्नासच्या आसपास गांवांवर पाणी येणार होतें. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें घेतल्या गेल्या. कित्येक शेतांवर पुण्याच्या सावकाराचें नांव चढलेलें होतें. मोबदला कागदावरच्या नांवाला मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कुळाच्या हातीं काय लागणार? १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें बाराशें मावळे, बायकामुलांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. कोणी हत्यार उचललें नाहीं. काम थांबलें. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी होते आणि येथूनच बापटांना सेनापति म्हणूं लागले.

आपल्याच शेतांत बसलेला माणूस गुन्हेगार कसा होतो, असें तुम्हीं विचाराल. त्या कायद्याप्रमाणें निवाडा होऊन कलेक्टरनें ताबा घेतला, कीं जमीन सर्व बोज्यांतून सुटून सरकारची होई. बांध तोच, पण त्या दिवसापासून तेथें बसणारा परक्या जमिनींत बसलेला ठरे. बळ न वापरणाऱ्याला चौथा उद्देश लागत नाहीं. पण दुसऱ्या उद्देशांत बळाचा शब्दच नाहीं, नुसता विरोध पुरतो. म्हणजे नुसतें बसणेंहि या कलमांत ओढतां येतें. आमच्या पूर्वजांना हें ठाऊक होतें. ते अटकेला सामोरे गेले, तुरुंगांत गेले. पण दंगेखोर हा डाग त्यांनीं लागूं दिला नाहीं.

पुढें लढा खचत गेला. १९२४ च्या डिसेंबरांत बापटांनीं थोड्या साथीदारांसह कामावरची रेल्वेगाडी बळानें अडविली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा त्याग आम्हीं लहान लेखीत नाहीं. पण बसलेल्या जमावाला आणि बळ वापरणाऱ्या टोळीला कायदा एका मापानें मोजत नाहीं, हें येथें उघड दिसतें. आणि त्या बळानेंहि धरण थांबलें नाहीं. तें पुरें झालें. त्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होऊन ती मुंबईला गेली.

म्हणून आतां चार गोष्टी पदरीं बांधा. पहिली: जमावबंदी आणि गैरकायद्याची मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला लोक अजून "१४४ लागलें" म्हणतात, तो मॅजिस्ट्रेटचा हुकूम आज नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं निघतो. दुसरी: घराबाहेर पडण्यापूर्वीं, आपण कशासाठीं जमतों, हें विचारा. तुम्ही ज्याला बोलावणें म्हणतां, त्याचा उद्देश दुसऱ्याच्याच मनांत असतो. तिसरी: कोणी दगड उचलला, तर तेथेंच त्याला अडवा, तो ऐकत नसेल, तर उघडपणें बाजूला व्हा. जमावाच्या समान उद्देशासाठीं एकानें गुन्हा केला, तर १९० व्या कलमानें तो सर्वांच्या माथीं येतो. चौथी: पांगण्याचा हुकूम झाला, तर पांगा. न पांगणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हुकूम चुकीचा असेल, तर त्याची दाद कोर्टांत मागतां येते.

कायद्याचे हात मात्र एकाच बाजूला लांब नाहींत. शस्त्राशिवाय शांततेनें जमण्याचा हक्क आपल्या घटनेच्या १९ व्या कलमानें दिला आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९६४ च्या मसलती खटल्यांत सांगितलें, कीं केवळ कुतूहलानें उभा राहिलेला बघ्या जमावाचा भागीदार होत नाहीं. आणि आरोपी पुष्कळ असतील, तेथें एकाच साक्षीदाराच्या तोंडावर विसंबूं नये, दोनतीन तरी जुळणारे असावेत. विलायतेंत १९८६ च्या कायद्याप्रमाणें दंगा ठरावयास बारा माणसें लागतात. आमच्याकडे पांचच पुरतात. एवढ्या थोड्या माणसांवर एवढा मोठा आरोप बसूं शकतो, म्हणून "इतर पन्नास" या शब्दांत कोण कोण आणि त्यानें काय केलें, हें सरकारनें एकेकाविषयीं सिद्ध केलें पाहिजे, ही मागणी आपण सोडतां कामा नये.

या धरणाचें पाणी रोज आपल्या डोळ्यांपुढें आहे. त्याखालीं गेलेलीं शेतें परत येणार नाहींत. पण उद्यां पुन्हा जमिनीचा, पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न येईल आणि आपल्याला जमावेंच लागेल. तेव्हां जमा, बोला, लिहून द्या, सह्या करा. हातांत दगड नसला, आणि कशासाठीं आलों तें प्रत्येकाला सांगतां आलें, तर आपल्या पोरांना फिर्यादींतल्या "इतर" शब्दाखालीं दडपणें कोणालाहि सोपें जाणार नाहीं.