अंथरुणावरून गड दाखवणारे नाथमाधव



जव्हारजवळच्या शिरपामाळावर गेलं, की जाणती माणसं पोरांना सांगतात, "१६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले होते." पोर लगेच विचारतं, "मग पुढं काय झालं?" या एका प्रश्नावर ज्यांनी शेकडो पानं लिहिली, अशा कादंबरीकाराची आज ओळख करून घेऊ.

त्यांचे नाव द्वारकानाथ माधव पितळे, वाचकांचे नाथमाधव. जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे पडले. चालणे कायमचे संपले. अशा वेळी माणूस खचतो. नाथमाधवांनी अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन केले आणि मग लेखणी हाती घेतली. १९०८ साली 'प्रेमवेडा' निघाली. पुढे 'सावळ्या तांडेल', 'वीरधवल', 'डॉक्टर' अशा कादंबऱ्या आल्या. तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या, हे डहाणू-सातपाटीकडच्या मंडळींना सांगायला नकोच.

आणि नवल पाहा! गडाने पाय नेले, पण गडांची ओढ गेली नाही. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' अशा कादंबऱ्यांतून त्यांनी घरबसल्या वाचकाला शिवकाळात नेले. १९२८ साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

हरिभाऊ आपट्यांच्या पंक्तीला त्यांना कोणी बसवत नाही. योगायोग फार, पाल्हाळही आहे. पण पुढचे पान उलटायला लावण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती, आणि वाचनाची गोडी लागते ती तिथेच.

गुरुजी, बाई, आता थोडे तुमच्याशी. जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी मुलांच्या घरी वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी बोली असते. पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते. शाळा सुटण्याआधी रोज चार पाने मोठ्याने वाचून दाखवा. अडेल तो शब्द मुलांच्या बोलीत सांगा, आणि ऐन रंगात पुस्तक मिटा. उद्या पोर आपण होऊन विचारील. मात्र कादंबरी म्हणजे इतिहासाचा दाखला नव्हे, हेही बजावा. या पुस्तकांच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. पाने उतरवून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

ज्यांना उठून दारापर्यंत जाता येत नव्हते, त्यांनी मराठी वाचकाला गडोगडी फिरवले. आपली मुले तर रोज डोंगर चढतात. त्यांना पानांची वाट तेवढी दाखवायची आहे.