इंजिनाशेजारची काळी नळी

पौडच्या गॅरेजमधून बोलतोय. मागे पाऊस ऐकू येत असेल, त्याला इलाज नाही. ताम्हिणीकडून आला की तो आमचं ऐकत नाही.

आज एका नळीबद्दल बोलायचंय. होडीच्या आत बसवलेल्या इंजिनाला टाकीतून तेल नेणारी, बोटाएवढी जाड, काळी नळी. विषय बारीक वाटेल, पण दहा मिनिटं द्या. यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मुळशीचा तलाव तुम्ही बघितलाय. रील काढायला येताच की! पण हे पाणी कायम इथे नव्हतं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. पाणी बोगद्यातून खाली भिऱ्याला जातं, वीज होते, मग ते कुंडलिकेला मिळतं. आणि वर आमच्याकडे जो रस्ता आधी सरळ होता, तो काठाकाठाने लांब वळसा झाला. म्हणून होडी. आमच्यासाठी ती मजा नाही, ती वाट आहे.

तर गोष्ट अशी. सात वर्षं झाली. तात्यांची लाँच, त्यात डिझेल इंजिन. एका शनिवारी रिटर्न पाइप फुटला. डिझेल इंजिनाला दोन नळ्या असतात बरं का. एक तेल आणते, दुसरी इंजेक्टरवरून उरलेलं तेल टाकीत परत नेते. या दुसरीकडे कुणाचं लक्ष नसतं. माझंही नव्हतं. दुकानात पारदर्शक प्लॅस्टिकची नळी होती. दुकानदार म्हणाला, "डिझेलला चालते हो." मी बसवली, वर बारीक तार आवळली आणि तात्यांना म्हणालो, दोन दिवसांत चांगली आणून लावतो.

दोन दिवसांचे दोन महिने झाले.

श्रावणात पलीकडच्या काठाला एक दशक्रिया होती. लाँचमध्ये अकरा माणसं, त्यात दोन लहान पोरं. मध्यावर गेल्यावर इंजिनाच्या खोक्यातून धूर. नळी पिवळी पडून काठीसारखी कडक झाली होती, थरथरून थरथरून तोटीवरून निसटली आणि डिझेल थेंबथेंब एग्झॉस्टवर पडायला लागलं.

आता कोणी म्हणेल, डिझेल काय पेटतंय? काडी टाकली तरी विझते! ओंजळभर थंड डिझेलचं असेल तसं. पण साधारण अडीचशे अंशांच्या गरम लोखंडावर पडलं तर त्याला काडीही लागत नाही. आणि ज्या एग्झॉस्टला पाण्याचं जॅकेट नाही, तो भर लोडवर त्याच्याही पुढे तापतो.

तात्यांनी दोन गोष्टी केल्या. इंजिन बंद केलं आणि टाकीचा कॉक फिरवला. तो कॉक खोक्याच्या बाहेर, हाताला येईल असा होता. खोक्याचं झाकण मात्र उघडलं नाही. उघडलं असतं तर आत वारा शिरला असता. धूर हळूहळू बसला. वल्ही मारत काठ गाठला. कोणाला काही झालं नाही.

संध्याकाळी तात्या गॅरेजवर आले. शिवी नाही, आवाज नाही. टेबलावर ती पिवळी नळी ठेवली आणि म्हणाले, "बाळा, ही तुझीच ना?"

त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलो. सांगतो.

पहिली गोष्ट, होडी म्हणजे गाडी नव्हे. गाडीखाली गळलं तर तेल रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्याने जाते. होडीचा तळ मात्र वाटीसारखा. गळलेलं तिथेच साचतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती तळाशी जाऊन बसते. पेट्रोल तर उणे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ देतं, म्हणजे आपल्या हवेत ते कायम तयारच! म्हणून पेट्रोलचं आतलं इंजिन असेल, तर स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवायचा आणि तळाशी नाक लावून वास घ्यायचा. वास आला तर चावीला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, नळीवर लिहिलेलं वाचा. इंजिनाच्या खोलीत जी नळी वापरायची तिच्यावर 'आयएसओ ७८४०' किंवा अमेरिकन पद्धतीचं 'ए१' असं छापलेलं असतं. 'ए' म्हणजे आगीत धरून बघितलेली. तेल भरलेली ही नळी आगीच्या ज्वाळेत अडीच मिनिटं टिकली पाहिजे, अशी चाचणी असते. 'बी' म्हणजे ती चाचणी न झालेली. पुढचा आकडा १ म्हणजे तिच्यातून वाफ कमी झिरपते, म्हणून जिथे तेल कायम भरलेलं असतं तिथे ती. 'आयएसओ ८४६९' लिहिलेलीही मिळते, पण ती आग सोसणारी नाही. नुसतं 'फ्युएल होज' लिहिलेली नळी गाडीची असते. तिची किंमत कमी का, ते आता कळलं असेल.

अडीच मिनिटांत काय होतं? इंजिन बंद होतं, कॉक बंद होतो, पोरांना लाइफ जॅकेट घालून होतं. तेवढंच विकत घ्यायचंय आपल्याला.

तिसरी गोष्ट, आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. कुठे फुगतं, कुठे चिरतं. नळी घेताना इथेनॉलला चालते का, हे विचारूनच घ्या.

चौथी गोष्ट, जोड. नळी तोटीच्या मापाचीच हवी, ताणून चढवलेली तोंडाशी चिरते. तार नको, स्टेनलेसची रुंद पट्टीची क्लिप लावा, आणि तोटी लांब असेल तर दोन. टाकीपासून तांब्याची नळी आणली असेल तर ती थेट इंजिनाला जोडू नका. इंजिन हलतं, तांबं हलून हलून कडक होतं आणि तुटतं. मध्ये रबरी नळीचा तुकडा हवाच. फळीतून नळी जाते तिथे रबरी कडं घाला, नाहीतर घासून जाते. आणि पावसाळ्यात बांधून ठेवलेल्या होडीत उंदीर काय करतात, ते मी सांगायला नको!

एक गंमत ऐका. टाकीकडून ओढणाऱ्या बाजूला नळी चिरली तर कधी कधी तेल गळतच नाही. उलट इंजिन हवा खेचतं आणि मध्येच बंद पडतं. आम्ही म्हणतो, "एअर घेतंय." लोक पुन्हा पुन्हा एअर काढत बसतात आणि नळी कोणी बघत नाही. दोनदा एअर काढावी लागली, तर तिसऱ्यांदा पाना ठेवा आणि नळी तपासा.

तपासायला काय लागतं? पांढरं फडकं. इंजिन गार असताना नळीवरून आणि जोडावरून फिरवा. डाग आला, वास आला, नळी दाबून चिकट किंवा कडक लागली, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर ती गेली. आणि तळातलं पाणी पंपाने तलावात फेकण्याआधी त्यावर रंगीत तवंग आहे का बघा. हे पाणी भिऱ्यावरून खालच्या लोकांकडे जातं.

तात्यांच्या लाँचला मी योग्य नळी मुंबईहून मागवून लावली. तिप्पट पैसे लागले, माझ्या खिशातून. क्लिपेजवळ रंगाने तारीख लिहिली. पाच वर्षं झाल्यावर नळी चांगली दिसत होती, तरी बदलली.

तात्या अजून पाडव्याच्या आधी फोन करतात. "बाळा, फडकं घेऊन ये."

पुढच्या वेळी होडीत बसाल तेव्हा सेल्फी काढाच, पण चालवणाऱ्या काकांना एक विचारा: तेलाचा कॉक कुठे आहे? त्यांनी लगेच हात करून दाखवला, तर निवांत बसा.

चला, पाऊस वाढलाय. भेटू पुढच्या भागात.